अंगाला साबण आणि गिझर बंद: अधूनमधून विझणाऱ्या गॅस गिझरचा छडा कसा लावायचा

पुण्यात भाड्याने घर घेताना घरमालक गिझर आवर्जून दाखवतो. नळ सोडतो, टिकटिक होते, निळी ज्योत पेटते, आणि तो म्हणतो, "काही प्रॉब्लेम नाही बघा." मग डिसेंबर उजाडतो. डोक्याला शाम्पू, डोळे मिटलेले, आणि तांब्यात अचानक गार पाणी. कसंबसं बाहेर येऊन पुन्हा नळ सोडावा तर गिझर पेटतो, जणू काही झालंच नव्हतं.

कायमचा बंद पडलेला गिझर परवडला. कधी चालणारा आणि कधी न चालणारा गिझर माणसाला वेड लावतो, कारण मेकॅनिक येतो तेव्हा तो हमखास चालतो. आमच्या घरी हा खेळ अख्खा हिवाळा चालला. सेल दोनदा बदलले, एका मेकॅनिकने सर्किट बदललं, दुसरा म्हणाला नवाच घ्या. कारण शेवटी दुधाच्या हिशोबाच्या वहीत सापडलं. म्हणून हा लेख वहीपासूनच सुरू करायचा होता, पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सगळ्यात आधी: गिझर कुठे बसवलाय ते पाहा

गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो का विझतो हा दुसरा प्रश्न. आधी त्याची जागा बदला.

हिशोब करून दाखवतो. ६ लिटरचा गिझर, म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा, पूर्ण आचेवर तासाला जवळपास १ किलो एलपीजी जाळतो. १ किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. आपली बाथरूम ४ फूट बाय ६ फूट, उंची ८ फूट. तिच्यात हवा किती? साडेपाच घनमीटर. म्हणजे दार-खिडकी लावून १० मिनिटं गिझर चालला तर खोलीतल्या हवेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास हवा त्याने वापरलेली असते, आणि जळालेला वायू तुमच्याच डोक्यावर साठत असतो. हवा कमी पडली की ज्योत पिवळी आणि सुस्त होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस गळतीचा जो वास आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळून तयार झालेल्या विषारी वायूला तोही नसतो. डोकं जड होणं, मळमळ, पायातलं बळ जाणं, अशी सुरुवात होते आणि पुष्कळदा माणूस आतून लावलेली कडी काढू शकत नाही.

जुन्या वाड्यांतला तांब्याचा बंब आठवा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडवलेला, परसात किंवा पडवीत ठेवलेला. धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाजूला सरकायचा. गॅस गिझरने तोच विस्तव बंद दाराच्या आत आणला आणि धूर दिसेनासा केला. तेव्हा गिझर बाथरूमबाहेर हवा: कोरड्या बाल्कनीत, डक्टच्या बाजूला, मोकळी हवा खेळेल अशा ठिकाणी. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी हे सही करण्याआधीच बोलून घ्या. एकदा डिपॉझिट गेलं की तो फोन उचलत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि हे लक्षात ठेवा: "दार लावलं की ८-१० मिनिटांनी विझतो, दार उघडं ठेवलं की चालतो" अशी तुमची तक्रार असेल तर पुढचं काही वाचू नका. गिझर वापरणं आजच थांबवा.

आत काय घडतं

नळ सोडल्यापासून ज्योत स्थिर होईपर्यंत आत एक साखळी चालते. ती समजली की अर्धं काम झालं.

पाणी आत शिरतं ते आधी एका बारीक जाळीतून. पुढे एक रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. वाहत्या पाण्याच्या दाबाने तो सरकतो आणि एका पिनला ढकलतो. पिन सरकली की गॅसचा मार्ग मोकळा होतो आणि मायक्रोस्विच दबतो. स्विच दबला की सर्किट जागं होतं. टिकटिक म्हणजे स्पार्क सुरू होतो आणि सोलेनॉइड नावाचा विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह गॅस सोडतो. ही सगळी वीज येते खालच्या डब्यातल्या दोन जाड सेलमधून. बर्नर पेटला की ज्योतीत बुडालेली एक सळई सर्किटला कळवते, "पेटलंय." हा निरोप काही सेकंदांत पोचला नाही तर सर्किट गॅस बंद करतं. शिवाय पाणी फार तापलं तर कॉइलवरचा थर्मोस्टॅट सगळं थांबवतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये २० मिनिटांनी गिझर आपोआप बंद होतो.

शेवटच्या वाक्यावर थोडं थांबतो, कारण निम्मे नवशिके इथेच फसतात. बरोबर २० मिनिटांनी बंद होणारा गिझर बिघडलेला नाही. तो तुम्हाला बाहेर या म्हणतोय. नळ बंद करून पुन्हा सोडला की चालू होईल.

या साखळीतली कुठलीही एक कडी सैल असली की गिझर "कधी कधी" विझतो. कुठली कडी, ते शोधायचंय.

पायरी १: वही

आठ-दहा दिवस एका कागदावर लिहा: वार, वेळ, गिझर पेटलाच नाही की पेटून विझला, विझला तर किती वेळाने, त्या वेळी घरात दुसरा कुठला नळ चालू होता का, सिलिंडर कधी लावलाय, बाहेर वारा-पाऊस होता का. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड मारणं.

आमच्या वहीत तीन नोंदी अशा होत्या: शुक्रवार सकाळी सव्वासहा, शुक्रवार साडेसहा, शुक्रवार सहा. मी ते वाचून गोंधळलो होतो. आई शेंगा सोलत होती, तिने मानही वर केली नाही. "अरे, गुरुवारी पाणी नसतं. टाकी बघितलीस का?"

पुण्याला नवीन असाल तर सांगतो. शहराला पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांमधून येतं. दुरुस्तीच्या कामांसाठी महापालिका बऱ्याचदा गुरुवार निवडते, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल असं जाहीर करते. शुक्रवारी पहाटे सोसायटीची गच्चीवरची टाकी तळाला गेलेली असते. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. मेकॅनिक यायचा शनिवारी दुपारी, टाकी काठोकाठ भरलेली असताना. त्याला दोष दिसणार कसा?

आता याचा दाबाशी काय संबंध? १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार दाब. आमच्या टाकीचा तळ गिझरपेक्षा जेमतेम अडीच मीटर वर आहे. टाकी भरलेली असली की पाण्याची पातळी साडेतीन मीटर, म्हणजे ०.३५ बार. टाकी संपत आली की ०.२५ बार, आणि वाटेतले पाइप, कोपरे, कॉक त्यातलाही थोडा खातात. गिझरच्या पाटीवर लिहिलेला किमान दाब ०.०२५ एमपीए (MPa), म्हणजे बरोबर ०.२५ बार. आठवडाभर आमचा गिझर कडेवरून चालत होता आणि दर शुक्रवारी घसरत होता. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला याच टाकीतून सहा-सात मीटर जास्त उंची मिळते. त्यांना हा त्रास ठाऊकच नव्हता.

तुमच्या गिझरवरची पाटी वाचा. "एमपीए" लिहिलं असेल तर त्या आकड्याला १० ने गुणा, बार मिळेल.

पायरी २: कान द्या

दुसऱ्या कुणाला नळ सोडायला सांगा आणि तुम्ही गिझरपाशी उभे राहा. आवाजावरून कुठली कडी सैल आहे ते बरंच कळतं.

*टिकटिकच होत नाही.* पाणी पुरेसं नाही, किंवा पडदा-पिन अडकलीय, किंवा सेल/स्विचचा प्रश्न. गॅसचा इथे काही संबंध नाही, सिलिंडर हलवून बघू नका.

*टिकटिक होते, पेटत नाही.* गॅस पोचत नाही, किंवा स्पार्क भलतीकडेच उडतोय, किंवा सेल इतके दमलेत की स्पार्क जमतो पण सोलेनॉइड उघडत नाही. नवीन सिलिंडर लावल्यावर पहिले दोन-तीन प्रयत्न फुकट जाणं नेहमीचंच, नळीतली हवा निघायला वेळ लागतो.

*पेटतो आणि काही सेकंदांत विझतो.* ज्योत ओळखणाऱ्या सळईवर बहुधा काजळी बसलीय किंवा ती वाकडी होऊन ज्योतीबाहेर गेलीय.

*पाच-सात मिनिटं छान चालतो, मग विझतो.* पाणी फार तापून थर्मोस्टॅट उडतोय, सिलिंडर संपत आलाय, किंवा हवा कमी पडतेय. हवेचं वर सांगितलंच.

*"भप्प" आवाज करून पेटतो.* गॅस आधी साठतोय आणि ठिणगी उशिरा पडतेय. प्रयोग थांबवा, गॅसचा कॉक बंद करा, मेकॅनिक बोलवा.

पायरी ३: बादली आणि घड्याळ

१५ लिटरची बादली घ्या. गॅस बंद ठेवून गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि किती वेळात भरते ते मोजा. ६ लिटरच्या गिझरला अडीच मिनिटं अपेक्षित. चार मिनिटं लागली तर तो कुरकुरत चालेल. पाच मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३ लिटर किंवा त्याहून कमी, अशी धार असेल तर माझ्या अनुभवात गिझर बेभरवशाचाच. ही मोजणी सकाळी आणि रात्री, आणि जमलं तर शुक्रवारी वेगळी करा. मग कुणाला तरी स्वयंपाकघरातला नळ सोडायला सांगून पुन्हा मोजा. आमच्याकडे भांडी घासायला सुरुवात झाली की बादलीला पावणेचारऐवजी सव्वापाच मिनिटं लागत होती. अंघोळ करणाऱ्याची बोंब आणि भांड्यांचा खळखळाट एकाच वेळी का होतो, ते तेव्हा कळलं.

धार कमी असेल तर पहिली संशयित ती बारीक जाळी. पाणी बंद ठेवून परत सुरू झालं की पाइपातला गाळ सुटून येतो आणि तिथे बसतो. ती काढणं नवशिक्यालाही जमतं: गॅसचा कॉक बंद, गिझरकडे येणारा पाण्याचा कॉक बंद, पान्याने पाण्याच्या नळीचा नट सोडवा, खाली बादली धरा, जाळी बाहेर काढून जुन्या टूथब्रशने धुवा. परत बसवताना वॉशर जागेवर आहे ना बघा. आमच्या जाळीवर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी थर होता, आणि एक हिरवट प्लास्टिकची चकती, टाकीतून आली असावी. नुसत्या धुण्याने बादलीची एक मिनिट वाचली.

बोअरवेल किंवा टँकरवर चालणारी सोसायटी असेल तर गाळापेक्षा क्षार त्रास देतात. पांढरे खडे शॉवरच्या भोकांत दिसतात तसेच कॉइलच्या आत बसतात, वाट अरुंद होते. धार कमी आणि आच तीच, म्हणजे पाणी उकळीकडे जातं आणि थर्मोस्टॅट उडतो. शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, फरक लगेच दिसेल. कॉइल मात्र मेकॅनिककडूनच साफ करून घ्या.

उन्हाळ्यात याचीच उलटी गंमत होते. टाकीतलं पाणीच तापलेलं असतं, त्यात गिझर थंडीच्या आचेवर ठेवलेला. पाणी चटकन जास्त तापतं आणि गिझर बंद. लोक म्हणतात बिघडला. बटण उन्हाळ्याच्या खुणेवर आणा. आणि गरम पाणी कोमट करायला गिझरचा नळ बारीक करू नका. आच कमी करा आणि धार मोठीच ठेवा.

पायरी ४: सेल

गॅसचा कॉक बंद ठेवून नळ सोडा. टिकटिक जोरात, एकसारखी आणि काही सेकंद चालली पाहिजे. अडखळत, मंदावत येत असेल तर सेल.

सेलची गंमत अशी की मोकळा मोजला तर मीटर दीड व्होल्ट दाखवतो आणि काम दिलं की कोसळतो. म्हणून मोजायचाच तर टिकटिक चालू असताना मोजा. तेव्हा एका सेलचा व्होल्टेज १.२ च्या खाली जात असेल तर बदला. दोन्ही एकदम बदला आणि अल्कलाइन घ्या. स्वस्तातले साधे सेल थंडीच्या पहाटे आधी दम सोडतात, आणि अंघोळीची वेळ नेमकी तीच.

नवीन सेल टाकूनही तसंच असेल तर डब्यातल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि स्प्रिंग पाहा. बाल्कनीत पावसाचे तुषार उडतात, जुना सेल गळलेला असतो, आणि पट्टीवर पांढरं-हिरवं किटण चढतं. व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, पॉलिश पेपर हलका फिरवा, कोरडं करा. डब्याला बोटाने ठोकल्यावर टिकटिक तुटत असेल तर दोष इथेच. तुमचा "कधी कधी" बरेचदा या एका सैल स्प्रिंगमध्ये लपलेला असतो, आणि त्यावर लोक सर्किटचे पैसे मोजतात. मी मोजलेत.

पावसाळ्यातच त्रास होत असेल तर रात्री दिवे मालवून, गॅस बंद ठेवून, गिझरच्या खिडकीतून आत बघा. ठिणगी बर्नरच्या टोकाशी पडायला हवी. वायरीच्या मधूनच पत्र्यावर उडत असेल तर वायरीचं आवरण तडकलंय.

पायरी ५: गॅस

इथे तुमचं काम फक्त बघण्याचं. शेगडी आणि गिझर एकाच सिलिंडरवर असतील तर शेगडीचे दोन्ही बर्नर पेटवून गिझर लावा. शेगडीची ज्योत एकदम बसकी झाली तर गॅस पुरत नाही: सिलिंडर संपत आलाय, रेग्युलेटर दमलाय किंवा नळी कुठेतरी दबलीय. १४.२ किलोचा सिलिंडर शेवटाला आला की थंडीत आतल्या द्रवाचा वायू हळू होतो. गिझर मोठा खाणारा असल्याने तो आधी रडतो, शेगडी अजून चार दिवस चहा करून देते. त्यामुळे सिलिंडर शिल्लक आहे असं घरच्यांना ठामपणे वाटत असतं. वहीतली सिलिंडरची तारीख इथे भांडण मिटवते.

पाइप गॅसवर नुकतेच आला असाल तर गिझर त्या गॅससाठी बदलून घेतलाय का, ते बघा. एलपीजीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं, आणि नैसर्गिक वायूचे जेट वेगवेगळे असतात, दाबही वेगळा. एकाचा गिझर दुसऱ्यावर नुसता जोडून चालत नाही.

गळतीची शंका आली तर साबणाचा फेस सांध्यांवर लावा आणि बुडबुडे बघा. काडी ओढून तपासणारे महाभाग अजूनही आहेत. वास येत असेल तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, खिडक्या उघडा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर जाऊन १९०६ या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

मेकॅनिक आला की

वहीचं पान त्याच्या हातात द्या. "कधी कधी बंद पडतो" एवढंच म्हटलंत तर तो सवयीने सेल किंवा सर्किट बदलेल. "भरल्या टाकीला चालतो, शुक्रवारी टिकटिकच होत नाही, बादलीला पाच मिनिटं लागतात" असं सांगितलंत तर तो सरळ डायफ्रॅम उघडेल. आमचा उघडला तेव्हा रबर पापडासारखं कडक झालं होतं आणि पिनवर क्षारांची पांढरी साय होती. कमी दाबाला ती सरकणार कुठून? सुटा डायफ्रॅम रविवार पेठेत बोहरी आळीच्या दुकानांत शोधता येतो, पण जुना सोबत न्या, मापं एकसारखी नसतात. सेलचा डबा, स्विच असलं काही बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारा.

एका बाबतीत मात्र अडून बसा. ज्योतीची सळई किंवा थर्मोस्टॅट "बायपास करून देतो, मग विझणार नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून रवाना करा. तो विझणारा गिझर दुरुस्त करत नाहीये, गॅस बंद करणारा पहारेकरी काढून टाकतोय.

काम झाल्यावर झाकण लावून, तो घरात असतानाच, गिझर ५ मिनिटं चालवा आणि ज्योत बघा. निळी आणि ताठ हवी. मग स्वयंपाकघरातला नळ सोडून पुन्हा बघा. जमल्यास टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवून शुक्रवारसारखी धार करून बघा. आमच्या मेकॅनिकला हे विचित्र वाटलं, पण त्याने गच्चीवर जाऊन केलं. गिझर तीनदा पेटला. चौथ्यांदा टिकटिक झाली आणि पेटला नाही, तेव्हा त्याने पिन पुन्हा बाहेर काढून पुसली आणि ग्रीस लावलं. सेलच्या डब्यावर तारीख लिहून चिकटपट्टी लावली ती मात्र आईने, आणि शुक्रवारची पहिली अंघोळ मलाच करायला लावली.